रस्त्यावर काम करणाऱ्या मुलांचं शिक्षण : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यात सिग्नलवरच्या मुलांसोबत वर्ग चालवतो. छोटा गट आहे, बहुतेक जण नोकरी सांभाळून येतात. वर्गावर नवीन कोणी आलं किंवा सोसायटीच्या ग्रुपवर विषय निघाला की साधारण हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीत कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

ही नक्की कुठली मुलं? सगळी अनाथ असतात का?

नाही, आणि हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. आम्हाला भेटणारी बहुतेक मुलं आईबापासोबत राहतात. काही कुटुंबं फूटपाथवर किंवा पुलाखाली पाल टाकून असतात, काहींची वस्तीत खोली असते आणि मुलं फक्त दिवसा सिग्नलवर येतात. तिसरा गट म्हणजे घरातून निघून आलेली, एकटी राहणारी मुलं, ती जास्त करून रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँडच्या आसपास सापडतात. या तिघांचे प्रश्न वेगळे आहेत आणि मदतही वेगळी लागते. एकट्या मुलाला आधी सुरक्षित निवारा पाहिजे, आईसोबत गजरे विकणाऱ्या मुलीला आईपासून तोडून कुठल्या बालगृहात नेलं तर तिचं नुकसानच होतं.

कामं म्हणाल तर फुगे, गजरे, पेन, गाडीच्या काचा पुसायची फडकी, मोबाईलचे स्टँड, भंगार वेचणं, दोरीवरचा खेळ. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधी झेंडे, दसऱ्याला झेंडू, डिसेंबरात लाल टोप्या. शनिवारी लिंबू-मिरची.

सिग्नलवर पैसे द्यायचे की नाही?

आमचं मत स्पष्ट आहे, मुलांच्या हातात पैसे देऊ नका. मूल जितकं लहान आणि जितकं केविलवाणं तितकी कमाई जास्त, हे गणित घरात सगळ्यांना कळलेलं असतं, त्यामुळे आपण दिलेल्या प्रत्येक दहाच्या नोटेनं ते मूल शाळेच्या वेळेत सिग्नलवर असणं जास्त फायद्याचं होत जातं. पाच-सहा वर्षांच्या मुलाची कमाई बरी असते आणि बारा-तेराचा झाला की लोक द्यायचे बंद होतात, उलट हाड्हूड करतात. म्हणजे शिकायच्या वयात पैसे मिळतात आणि वय निघून गेल्यावर हातात ना पैसे ना शिक्षण, अशी अवस्था होते.

वस्तू घ्यायचीच असेल तर मोठ्या माणसाकडून घ्या. त्याच चौकात आई किंवा मावशी बसलेली असते, गजरा तिच्याकडून घ्या, भाव न पाडता घ्या. आईची कमाई वाढली तर मुलाला सोडायची तयारी होते, हे आम्ही बऱ्याच घरांत बघितलंय.

पण पैसे देत नाही म्हणून हिडीसफिडीस करायची गरज नाही. काच वर करून समोर बघत बसण्यापेक्षा "नको रे बाळा, शाळेत जातोस का?" एवढं बोललात तरी चालेल. मुलं उत्तर देतात.

मग खायला दिलं तर?

दिवसभर उपाशी दिसत असेल तर द्या, त्यात विचार काय करायचा. फक्त बिस्किटाचा पुडा फोडून द्या, कारण बंद पुडा बऱ्याचदा परत दुकानात जातो आणि त्याचे पैसे होतात.

सरकारी शाळा तर फुकट आहे, पुस्तकं फुकट, खिचडी मिळते, तरी ही मुलं शाळेत का जात नाहीत?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा "आईबापच पाठवत नाहीत" असा असतो. आईबाप पाठवत नाहीत हे काही घरांत खरं आहे, पण कारण फक्त तेवढंच असतं तर आमचं काम खूप सोपं झालं असतं.

पहिलं म्हणजे सांभाळायला धाकटं भावंड असतं. नऊ वर्षांची मुलगी शाळेत गेली तर दीड वर्षाच्या भावाला रस्त्यावर कोण बघणार? आईला सिग्नलवर उभं राहायचंय. अशा घरात मुलीला शाळेत घालायचं असेल तर आधी भावाची अंगणवाडी शोधावी लागते, ती शाळेच्या जवळ असावी लागते आणि दोन्हीच्या वेळा जुळाव्या लागतात. शाळा साडेपाचला सुटते आणि अंगणवाडी दुपारीच, एवढ्यावरून मुलीची शाळा सुटते.

दुसरं, जागा बदलणं. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, राजस्थानातून आलेली कुटुंबं असतात. गावाला जत्रा असली, लग्न असलं, कोणी आजारी पडलं की सगळं बिऱ्हाड उचलून जातात आणि महिन्याने परततात. शहरात असतानासुद्धा अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की पाल हलतं, चौक बदलतो. आपल्याकडे सलग ३० दिवस गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरतात, म्हणजे पटावर नाव असलेलं मूलसुद्धा एका गावच्या फेरीत परत शाळाबाह्य होऊ शकतं. राज्यात ४ जुलै २०१५ ला शाळाबाह्य मुलांचं एका दिवसात सर्वेक्षण झालं होतं, मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई वगैरे लावून. हेतू चांगला होता पण सतत हलत असलेली मुलं एका दिवसात सापडत नाहीत, त्यांच्यासाठी वर्षभर कोणीतरी त्या चौकात जात राहावं लागतं.

तिसरं भाषा. घरी पारधी, वडारी, गोरमाटी, कानडी, मारवाडी असं काहीतरी बोलतात, सिग्नलवर हिंदी आणि शाळेत पुस्तकातली मराठी. बाई काय म्हणतायत तेच कळत नाही, मग मूल मागच्या बाकावर गप्प बसतं आणि शाळेत "मंद आहे" असा शिक्का बसतो.

चौथं, आणि हे बोलायला कोणाला आवडत नाही, अपमान. आंघोळ झालेली नसते, केसात उवा असतात, बाकीची मुलं लांब बसतात. "ए भिकारी" म्हणतात. पारधी समाजाच्या पोरांना तर वर्गात काही हरवलं की पहिल्यांदा दप्तर उघडायला लावतात. १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं, तो कायदा १९५२ ला रद्द झाला, पण संशय अजून तसाच आहे आणि तो सात वर्षांच्या पोराच्या वाट्याला येतो. असं एकदा झालं की ते मूल दुसऱ्या दिवशी येत नाही आणि का येत नाही ते कोणाला सांगतही नाही.

जन्मदाखला नाही, आधार नाही. शाळेत घेतील का?

घ्यावंच लागतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलासाठी. त्याच्या कलम १४ मध्ये स्वच्छ लिहिलंय की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर पालकांनी वयाबद्दल लिहून दिलेलं चालतं. वर्ष सुरू होऊन गेलंय म्हणूनही परत पाठवता येत नाही, ते कलम १५. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर होतोय हे कारणही चालत नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. मुख्याध्यापक "आधार घेऊन या, मग बघू" म्हणतात. यात दरवेळी त्यांचा दुष्टपणा असतो असं नाही. आपल्या राज्यात शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवणारी संचमान्यता आधार जुळलेल्या मुलांच्या संख्येवर बघितली जाते, त्यामुळे आधार नसलेलं मूल पटावर घेतलं तर शिकवायचं सगळं पण मोजणीत धरलं जाण्याची खात्री नाही, अशी त्यांची अडचण असते. ही अडचण समजून घेऊन बोललं तर काम होतं. आम्ही प्रवेशाचा अर्ज लेखी देतो, त्यावर पोच घेतो, आणि सोबत सांगतो की आधारच्या कॅम्पला मुलाला आम्ही घेऊन जाऊ, ती जबाबदारी आमची. भांडण्यापेक्षा यानं जास्त प्रवेश झालेत. अगदीच अडून बसले तर केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे अधिकारी), मग महापालिकेचा शिक्षण विभाग.

अकरा वर्षांचं मूल, कधीच शाळेत गेलेलं नाही. त्याला पहिलीत बसवणार?

नाही. वयाप्रमाणे वर्गात, म्हणजे साधारण पाचवीत, आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण. कायद्यातच आहे हे, नियमांप्रमाणे कमीत कमी तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. शिवाय अशा मुलाचं चौदा वय उलटलं तरी आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत पूर्ण करायचा हक्क राहतो, हे फार कमी पालकांना (आणि काही शाळांनाही) माहीत असतं.

आमच्या वर्गाचं खरं काम इथे आहे. पाचवीच्या वर्गात बसलेल्या पण अक्षरओळख नसलेल्या मुलाला रोज तास-दीड तास घेऊन बसणारं कोणीतरी लागतं, नाहीतर तो पटावर पाचवीत आणि प्रत्यक्षात कुठेच नाही असं होतं.

फूटपाथवर वर्ग कशाला? सरळ शाळेतच घाला ना.

शाळेतच घालायचंय. आमचा वर्ग म्हणजे शाळा नाही आणि तशी ती व्हावी अशी आमची इच्छाही नाही. मूल महापालिकेच्या शाळेत जावं आणि तिथे टिकावं यासाठी हा वर्ग आहे. पण जे मूल एका जागी वीस मिनिटं बसलेलं नाही, ज्याला रांग, घंटा, पाटी काहीच माहीत नाही, त्याला सोमवारी थेट शाळेत नेऊन बसवलं तर बुधवारी ते पळून येतं.

मोठ्या पातळीवर हे काम करणारे लोक आपल्याच राज्यात आहेत. डोअर स्टेप स्कूल ही संस्था १९८८ मध्ये मुंबईत सुरू झाली, नंतर पुण्यात आली, जिथे मुलं तिथे शाळा हाच त्यांचा विचार, बसमध्येच वर्ग भरवून ती बस वस्त्यांवर आणि चौकात नेतात. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा आहे, ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था यांची, कंटेनरमध्ये सुरू झालेली, आणि तिथली मुलं दहावी पास होऊन पुढे गेलीत. त्यांच्याकडून आम्ही एक गोष्ट घेतली ती म्हणजे आंघोळ आणि जेवण हे अभ्यासक्रमाचाच भाग धरायचं. उपाशी आणि अंग खाजणारं मूल काय शिकणार.

वर्ग चालतो कसा?

संध्याकाळी, धंद्याची गर्दी सुरू व्हायच्या आधी. सतरंजी, फळा, पाट्या, पाण्याचा कॅन, साबण. आल्या आल्या हातपाय धुणं, मग कोणाला लागलंय कापलंय ते बघणं, कारण रस्त्यावर अनवाणी फिरणाऱ्या पोरांच्या पायाला काही ना काही असतंच. मग गाणं, गोष्ट, वाचन, गणित, शेवटी खाऊ. खाऊ शेवटी ठेवतो म्हणून पोरं शेवटपर्यंत बसतात हे खरंय आणि त्यात काही गैर वाटत नाही आम्हाला.

वाचायला पुस्तकापासून सुरुवात करत नाही. बसच्या पाट्या, दुकानांची नावं, पिशवीवरचं छापलेलं, हेच पहिलं वाचन. स्वारगेट, कात्रज, हडपसर ही नावं पोरांना पाठ असतात, बस कुठली तेही ओळखतात रंगावरून आणि नंबरवरून, मग 'क' कात्रजचा आहे हे कळलं की डोळे चमकतात अक्षरशः.

मुलांना कामाचं सामान घेऊन यायला आम्ही मनाई केलेली नाही. एक मुलगी शुक्रवारी लिंबू-मिरचीचं सामान घेऊनच बसते, मांडीवर मिरच्यांचा ढीग, हातात दाभण, बिब्बा, लिंबू, वर सात मिरच्या, गाठ, की पुढचं. फळ्याकडे बघत बघत हात चालू. तिला सातचा पाढा शिकवायची वेळच आली नाही, पाच माळांना मिरच्या किती विचारलं की पस्तीस, बारा माळांना चौऱ्याऐंशी. फक्त ८४ लिहायचं कसं ते माहीत नव्हतं, ४८ लिहायची. आता लिहिते. सामान आणू नको म्हटलं असतं तर ती शुक्रवारी आलीच नसती.

पण ही मुलं हिशोबात तर हुशार असतात, मग शाळेत गणितात नापास कशी?

सिग्नल सुटायच्या आत दोनशेची नोट घेऊन चाळीसच्या तीन वस्तूंचे पैसे कापून ऐंशी परत देणारा पोरगा वहीत २०० - १२० मांडून दिलं की अडकतो. हे फक्त आमच्या पोरांचं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं वगैरे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. धंद्यावर असताना गिऱ्हाईक बनून हिशोब विचारले तर ९८ टक्के उत्तरं बरोबर, आणि तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तर ३७ टक्के. नारळ ३५ चा असेल तर दहा नारळांचे किती, यावर त्या मुलाने तीन नारळांचे १०५ धरले, अजून तीन म्हणजे २१०, असं करत करत ३५० ला पोचला. शून्य लावायची शाळेतली युक्ती त्याला माहीत नव्हती, पण उत्तर बरोबर होतं.

२०२५ मध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही तेच, बाजारात पक्की आणि शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडकणारी. आणि उलटही दिसलं, शाळेत जाणारी मुलं कागदावर बरी पण बाजारातल्या हिशोबात मागे.

म्हणून आम्ही पोराला आधी विचारतो "तू कसं केलंस, सांग", त्यानं तोंडाने केलेली पद्धत फळ्यावर जशीच्या तशी लिहितो आणि मग दाखवतो की शाळेतली मांडणी हेच सांगते, फक्त कमी जागेत. हे जमलं की गणिताची भीती जाते. शिक्षक मंडळी हे वाचत असतील तर वर्गात एकदा जरूर करून बघा.

शिकायला लागल्यावर काम बंद करतात का?

काही करतात, बरेच जण कमी करतात, काही दोन्ही चालू ठेवतात. पहिल्या दिवशी "काम सोड" ही अट आम्ही घालत नाही, घातली तर येणारच नाहीत. शाळेच्या वेळेत काम नको, रात्री उशिरा नको, आणि चालत्या गाड्यांमध्ये शिरायचं नाही, इथून सुरुवात करतो. शाळा पक्की झाली की काम हळूहळू शनिवार-रविवारवर येतं.

कायदा काय म्हणतो?

१४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे, १९८६ चा कायदा आणि त्यातली २०१६ ची दुरुस्ती. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि वीस ते पन्नास हजार दंड होऊ शकतो. १४ ते १८ मध्ये धोक्याची कामं बंद. मात्र शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करायला सूट दिलेली आहे, आणि सिग्नलवर आईसोबत विकणारी मुलं बरोबर या फटीत येतात. आम्हाला ही सूट चुकीची वाटते, कारण रस्त्यावरचा घरचा धंदा शाळेच्या वेळा बघून चालत नाही.

मुलाला भीक मागायला लावणं हा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७६ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. टोळी असेल, मुलं भाड्याने फिरवली जात असतील तर तो गुन्हा नोंदवलाच पाहिजे. पण स्वतःच उघड्यावर राहणाऱ्या आईला आत टाकून मुलाचं काय भलं होणार हा प्रश्न उरतोच.

1098 ला फोन केला तर काय होतं? केव्हा करावा?

१०९८ ही मुलांसाठीची चोवीस तासांची फुकट हेल्पलाइन. १९९६ मध्ये मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधून सुरू झाली, जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केली, आणि रस्त्यावरच्या मुलांसोबतच्या कामातूनच ती निघाली. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे आहे आणि ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडलेली आहे. फोन केल्यावर जिल्ह्याच्या बाल संरक्षण यंत्रणेकडे माहिती जाते, मुलाला ताब्यात घेतलं तर २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं आणि पुढचं ती समिती ठरवते.

लहान मूल एकटं किंवा हरवलेलं, मारहाण, जखम, नशेत पडलेलं मूल, कोणी मोठा माणूस मुलांकडून पैसे गोळा करतोय, मुलीला कोणी त्रास देतंय, अशा वेळी लगेच करा, विचार करत बसू नका. मुलाजवळ थांबा, चौकाचं नाव आणि जवळची खूण सांगा.

पण "आमच्या चौकातली ही पोरं उचलून न्या" यासाठी कृपया फोन करू नका. अशी गाडी एकदा आली की सगळी कुटुंबं रातोरात दुसऱ्या चौकात जातात आणि शाळेत जायला लागलेली मुलंही त्यांच्यासोबत जातात.

पालकांना कसं समजावता?

समजावत नाही, आधी ऐकतो. शिक्षणाचं महत्त्व त्यांना आपल्याइतकंच माहीत असतं. "शिकून काय मिळणार" असं विचारणाऱ्या बापाला भाषण नको असतं, रेशनकार्डाचं काम अडलंय त्यात मदत हवी असते, बायकोला सरकारी दवाखान्यात कोणीतरी सोबत हवं असतं. ती कामं केली की आमच्यावर विश्वास बसतो आणि मग मुलाचा विषय निघतो.

घरात एकच पालक असेल, मूल अनाथ असेल किंवा तशी गंभीर अडचण असेल तर बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायचा असतो. कागदपत्रं बरीच लागतात, एकट्या आईला ते झेपत नाही, सोबत कोणीतरी जावं लागतं. आणि गावी जाणाऱ्या कुटुंबांना आम्ही शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन देतो, म्हणजे मूल तिकडच्या शाळेत त्याच इयत्तेत बसू शकतं. आई ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवते, म्हणजे हरवत नाही.

नशेचं काय? सोल्युशन, व्हाइटनर हुंगणारी मुलं असतात ना?

असतात, जास्त करून एकटी राहणारी. भूक मरते, थंडी वाजत नाही, भीती जाते, म्हणून घेतात. अशा मुलाला वर्गातून हाकलू नका, पण त्या अवस्थेत इतर लहान मुलांसोबत बसवूही नका. आमच्याकडे एक जण त्याच्यासोबत बाजूला बसतो, पाणी, खायला देतो. पुढचं काम डॉक्टर आणि समुपदेशकाचं आहे, स्वयंसेवकांनी स्वतः उपचार करायला जाऊ नये. जवळच्या दुकानदारांशी मात्र आपण बोलू शकतो की पोरांना ते विकू नका, आणि मुलांना नशेची वस्तू देणं गुन्हा आहे हे त्यांना सांगायचं.

मोठ्या मुली वर्गात दिसत नाहीत, का?

बारा-तेरा झाली की मुलगी एक तर घर सांभाळते किंवा तिचं लग्न ठरतं. उघड्यावर राहणाऱ्या आईला मुलीची रोज रात्री काळजी वाटते आणि लग्न हाच तिला सुरक्षितपणा वाटतो. इथे कायदा तोंडावर फेकून चालत नाही, अर्थात १८ च्या आत लग्न होऊ द्यायचं नाही यावर आम्ही ठाम आहोत. उपाय म्हणजे वेळेत मुलीसाठी वसतिगृह किंवा कस्तुरबा गांधी विद्यालयासारखी निवासी शाळा बघून ठेवणं, आईला तिथे स्वतः नेऊन दाखवणं, बाईंशी भेट घालून देणं. आईनं डोळ्यांनी बघितलं की ती तयार होते. आणि पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृह, पॅड, पाणी, याची सोय नसेल तर कुठलीच मुलगी येणार नाही, हे पुरुष स्वयंसेवकांनीही न लाजता लक्षात ठेवायचं.

चौदाच्या पुढे गेलेल्यांना आता काय करता येईल?

बरंच. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवी आणि आठवीची परीक्षासुद्धा तिथून देता येते. दहावीला बाहेरून बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालय, तिथे एक-एक विषय करत पास होता येतं. काम करणाऱ्या मुलासाठी हे फार सोयीचं आहे. सोबत गॅरेज, वायरिंग, शिवण असं काही शिकत असेल तर उत्तमच. फॉर्मच्या तारखा मात्र चुकवू नका.

मला शिकवायला यायचंय, शिक्षकी पेशा नाही, चालेल?

चालेल. मराठी-हिंदी बोलता येणं आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी येणं, एवढं पुरे. आठवड्यातून एकच दिवस जमत असेल तर एकच दिवस या पण तो दिवस चुकवू नका. या मुलांच्या आयुष्यात मोठी माणसं येतात, लाड करतात आणि गायब होतात. पुढच्या मंगळवारी येते असं सांगून न आलेली ताई त्यांना महिनोन् महिने आठवते, प्रत्येक नवीन माणसाला विचारतात, ती का नाही आली?

बाकी नियम कडक आहेत. कोणीही मुलासोबत एकटं कुठे जायचं नाही, घरी न्यायचं नाही, वैयक्तिक भेटवस्तू आणि पैसे द्यायचे नाहीत, रागावून हात उगारायचा नाही. मुलाने काही छळाबद्दल सांगितलं तर स्वतः चौकशी न करता गटातल्या जबाबदार माणसाला त्याच दिवशी सांगायचं.

वाढदिवस मुलांसोबत साजरा करायचाय, केक आणू? फोटो काढले तर?

आलात तर आनंद आहे, पण केक कापून फोटो काढून अर्ध्या तासात जाण्यापेक्षा त्या दिवशी पोरांसोबत जेवा, एक गोष्ट वाचून दाखवा. फोटो नाही. चेहरा ब्लर करूनही नाही. हीच मुलं उद्या कॉलेजला जाणार, तेव्हा "भिकाऱ्यांच्या मुलांसोबत आमचा सुंदर दिवस" अशी पोस्ट त्यांच्या मित्रांना सापडायला नको.

वस्तू काय देऊ?

जुने कपडे पुरे झालेत, खरंच, ठेवायला जागा नसते आणि अर्धे रस्त्यावरच पडून राहतात. मापाच्या चपला, रेनकोट, पाट्या, अंकलिपी, आतले नवीन कपडे, पॅड, उवांचं औषध, मलमपट्टी. शाळेत जाणाऱ्या मुलांचे बसपास. आणि ज्यांच्या सोसायटीत किंवा दुकानात नळ आणि संडास आहे त्यांनी तो रोज तासभर वापरू दिला तर त्याच्याइतकी मोठी देणगी नाही.

किती मुलं टिकतात?

सगळी नाही. जून-जुलैत उत्साह असतो, दसरा-दिवाळीला धंदा जोरात असतो तेव्हा गळती होते, होळीच्या आसपास गावाकडे जाणं. प्रवेश किती झाले हा आकडा आम्ही कोणाला सांगत नाही कारण त्याला फारसा अर्थ नाही. दिवाळीनंतर शाळेत परत कोण आलं हे बघतो आणि जे आलं नाही त्याच्या पालापर्यंत जातो. शाळेतल्या बाईंचा नंबर आमच्याकडे आणि आमचा त्यांच्याकडे असतो, दोन दिवस मूल दिसलं नाही की मेसेज येतो. राज्यात बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत आणून टिकवण्यासाठी, काम करणारे शिक्षक आहेत, असा एक शिक्षक शाळेत असला की मुलं टिकायचं प्रमाण लगेच जाणवण्याइतकं वाढतं.

आमच्या एरियात असा वर्ग सुरू करायचाय, काय करू?

लगेच सतरंजी टाकू नका. आधी महिनाभर नुसते जात राहा, त्याच चौकात, त्याच वेळी, आईबापांशी बोला, मुलांची नावं पाठ करा. कोण कुठून आलंय, किती भावंडं, कोण आधी शाळेत जात होतं, हे वहीत लिहा. याच महिन्यात जवळची महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा गाठा, मुख्याध्यापकांना भेटा, केंद्रप्रमुखांना भेटा, अंगणवाडी ताईंना भेटा, प्रभागातल्या पोलीस चौकीत सांगून ठेवा. जागा निवडताना गाड्यांपासून लांब, दिव्याचा उजेड असलेली आणि आईला बसल्या जागेवरून दिसेल अशी निवडा. निदान चार माणसं पक्की असल्याशिवाय सुरू करू नका, कारण एक आजारी, एक गावाला, एक ऑफिसात अडकला तरी वर्गावर कोणीतरी पाहिजे. आणि आसपास आधीच एखादी संस्था काम करत असेल तर वेगळं दुकान न मांडता त्यांच्यासोबत जा, त्यांना माणसं हवीच असतात.